चाळीस टक्क्यांच्या खाली

या लेखात एकाच प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे. एकाच शाळेत, जवळजवळ सारख्याच पगारावर काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना दरवर्षी आयकराचा परतावा येत असे. मला मात्र दर जुलैमध्ये उलट कर भरावा लागत असे. असे का व्हावे? मी गणिताचा शिक्षक असल्यामुळे हा प्रश्न अंकगणिताचा आहे असे पुष्कळ वर्षे धरून चाललो होतो.

परतावा म्हणजे काय, हे आधी नीट मांडून घेऊ. शाळेचे कार्यालय आपल्या पगारातून अंदाजाने कर कापते आणि सरकारकडे भरते. आर्थिक वर्ष संपले की आपण विवरणपत्र भरतो आणि त्यात खरा हिशेब होतो. कापलेला कर लागू करापेक्षा जास्त निघाला तर जास्तीची रक्कम परत येते. कमी निघाला तर उरलेली आपण भरायची. म्हणजे परतावा ही मिळकत नव्हे. आपलेच पैसे काही महिने दुसऱ्याच्या पेटीत राहून घरी येतात, इतकेच. ही व्याख्या मी शिक्षकांच्या खोलीत दोनतीनदा सांगून पाहिली. ती कुणी मानली नाही.

न मानण्याला कारणही होते. आमच्याकडे, भोकरदन तालुक्यात, कार्यालयाला वर्षभर थोडाथोडा कर कापण्याची सवय नाही. सगळा भार फेब्रुवारीच्या पगारावर येतो. तो पगार हातात पडतो तेव्हा त्यात भाजीपुरतेही काही उरलेले नसते. हे गावालाही ठाऊक आहे; मार्चमध्ये किराणा दुकानदार मास्तर मंडळींकडे उधारी मागत नाही. अशा कोरड्या महिन्यानंतर पावसाळ्यात खात्यावर एकदम रक्कम येऊन पडली, तर ती आपलीच होती हे कुणाच्या लक्षात राहणार? ज्याचा परतावा येई तो पेढे आणी. ज्याचा मोठा येई त्याला हुशार समजत.

“काय सर, यंदा पण सरकारला दक्षिणा का?” खेळाचे शिक्षक दर जुलैत मला विचारत. बँकेतून चलन भरून मी शाळेत आलो की ते बरोबर ओळखत.

“लागू होता तो भरला,” मी म्हणे.

“सरांचं गणित पक्कं आहे, म्हणून त्यांना भरावं लागतं. आपलं कच्चं आहे, म्हणून आपल्याला वापस येतं.” यावर सगळी खोली हसे. मीही हसत असे. खेळाचे सर मनाने वाईट नाहीत. वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान. माझा डबा उघडून त्यातली चटणी आधी घेणारे आणि मग विचारणारे.

मला कर का भरावा लागे, याचे पहिले कारण सोपे होते. माझी बँकेत एक मुदत ठेव आहे. तिच्या व्याजातून बँक दहा टक्के कापते. माझे उत्पन्न वीस टक्क्यांच्या पायरीवर बसते. मधले दहा टक्के कुणीच कापलेले नसतात. ते जुलैमध्ये मी भरतो. इथवर गणित आहे आणि ते चूक नाही.

ती ठेव कशासाठी आहे, हे मात्र शाळेत कुणाला सांगण्याचा प्रसंग आला नव्हता. आम्हाला एकच लेक आहे. ती आता पंचविशीच्या आसपास आहे. वयाची सहा वर्षे होईपर्यंत ती वाक्य बोलत नव्हती. अक्षरे तिला ओळखता येतात, पण ती जोडून शब्द होतो हे तिच्या मनात कधी उतरले नाही. कपड्यांच्या घड्या ती माझ्यापेक्षा व्यवस्थित घालते. पाहुणे आले की पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येते आणि पाणी द्यायचे विसरून त्यांच्या तोंडाकडे पाहत बसते. तिची आई तिच्यासाठी एकच शब्द वापरते: हळू. “आमची जराशी हळू आहे,” असे ती सांगते आणि विषय बदलते.

पगारातून उरेल ते मी त्या ठेवीत टाकत आलो. आम्ही दोघे गेल्यावर तिला कोण पाहील, या प्रश्नाला माझ्याजवळ तेवढेच उत्तर होते. ठेव तिच्याच नावाने केली असती तर कराचा बोजाही उरला नसता. पण तिला सही करता येत नाही. तिच्या वतीने दुसऱ्याने सही करायची तर कायदेशीर पालकत्वाचा कागद लागतो, आणि त्या कागदाच्या आधी अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत अपंग अपत्य सांभाळणाऱ्याला ठरावीक रकमेची वजावट मिळते. ती घेतली तर व्याजावरचा माझा कर सहज फिटून थोडा परतावाही आला असता. त्या वजावटीलाही तेच प्रमाणपत्र लागते. आणि या सगळ्यांहून मोठी गोष्ट म्हणजे निवृत्तिवेतन. माझी नोकरी जुन्या निवृत्तिवेतनाची आहे. आई-वडिलांच्या पश्चात, स्वतः कमावू न शकणाऱ्या अपंग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन तहहयात मिळू शकते. तिथेही तोच कागद. अपंगत्व चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त, असे त्यावर लिहिलेले असावे लागते.

तो कागद आमच्याकडे नव्हता, कारण तिच्या आईला तो नको होता.

दर फेब्रुवारीत, कार्यालयातून बचतीचा तपशील मागवण्याची चिठ्ठी आली की मी विषय काढत असे.

“अगं, एकदा जालन्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन येऊ. तपासतील, कागद देतील. बाकी काही करत नाहीत.”

“अन् काय लिहितील त्याच्यावर?”

“जे आहे ते.”

“जे आहे ते मला माहीत आहे. त्याला शिक्का कशाला मारायचा? एकदा लिहिलं की पुसता येत न्हाई. आज न्हाई उद्या सुधारली तर मंग? तेव्हा काय खोडरबर घेऊन जाता का सरकारकडं?”

सुधारेल असे तिला खरोखर वाटत होते की नाही, हे मी ठरवू शकलो नाही. ती निजामाच्या वेळेपासून शेती राखून असलेल्या घरातली आहे. त्या घरात दुखणी असत, पण ती कागदावर येत नसत. मी आग्रह सोडून देई. जुलै आला की चलन भरून टाकी.

आमच्या शाळेतल्या परताव्यांचे दुसरे टोक एका गृहस्थाच्या हातात होते. ते जालन्याहून येत. जूनमध्ये शाळा उघडली की एका शनिवारी ते शिक्षकांच्या खोलीत बसत, मांडीवर लॅपटॉप घेत आणि एकेकाला जवळ बोलावत. कार्यालयाने दिलेला कर कापल्याचा दाखला, आधार, पॅन आणि विवरणपत्राच्या संकेतस्थळाचा पासवर्ड एवढेच ते मागत. फी आधी काही नाही. परतावा आला की त्यातला दहावा हिस्सा. सगळे त्यांना रिफंडवाले म्हणत. त्यांचे बोलणे गोड होते. एकदा ते मलाही म्हणाले, “सर, तुमचंही एकदा पाहू द्या की. बिलकुल खर्चा न्हाई.”

मी म्हटले, “माझा परतावा निघत नाही.”

“निघत कुणाचाच नसतो सर. काढावा लागतो.”

पासवर्ड दुसऱ्याच्या हाती देणे मला पटले नाही, म्हणून मी थांबलो. ते काय लिहितात याची शंका मला तेव्हा आली होती असे मी म्हणणार नाही. माझ्या समजुतीप्रमाणे ते घरभाडे आणि विम्याचे आकडे नीट बसवत असावेत.

दिवाळीची सुटी संपून शाळा भरली त्या आठवड्यात खेळाचे सर मोबाईल घेऊन माझ्याकडे आले. त्यांना आयकर विभागाचा संदेश आला होता. तुम्ही मागितलेल्या वजावटी आम्हाला उपलब्ध माहितीशी जुळत नाहीत, तपासून दुरुस्ती करा, अशा अर्थाचा तो मजकूर होता.

“सर, हे जरा पाहा ना. रिफंडवाल्याला फोन लावून राह्यलो सकाळपासून, बंद लागून राह्यला.”

त्यांना पासवर्ड आठवत नव्हता. आम्ही तो नवा करून घेतला आणि मागच्या वर्षीचे विवरणपत्र उघडले. मी ते ओळीने वाचत गेलो. ते शेजारी उभे राहून ऐकत होते. घरभाडे होते, ते स्वतःच्या घरात राहत असूनही. कुठल्याशा पक्षाला दिलेली देणगी होती. त्याखाली अपंग अवलंबिताची वजावट होती. नाते: मुलगा. प्रकार: ऐंशी टक्के किंवा त्याहून जास्त, तीव्र.

खेळाच्या सरांना पहिल्यांदा हसूच आले. “ऐका हो!” त्यांनी खोलीला हाक दिली. “माझ्या पोराला अपंग करून टाकलं. तालुक्यात कबड्डीत त्याचा संघ पहिला आल्ता गेल्या वर्षी, अन् हे म्हणतात तीव्र!”

“त्याला चढाईला पाठवू नका आता, नोटीस येईल,” कुणीतरी म्हणाले.

“अन् बक्षीस मिळालं तर तेही वापस करा सरकारला!”

मग एकेकजण आपापला मोबाईल घेऊन माझ्या टेबलाशी आला. मराठीच्या मॅडमच्या विवरणपत्रात त्यांची मुलगी होती. लिपिकाच्या विवरणपत्रात आई होती; ती बिचारी रोज सकाळी मळ्यात पायी जाते. एकदोघांना मुलेच नव्हती, त्यांचा भाऊ लिहिला होता. हसणे हळूहळू थांबले. मराठीच्या मॅडम खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “माझ्या लेकीच्या आधारचा नंबर टाकलाय हो त्यात.” घंटा झाली आणि सगळे तासाला गेले.

मलाही नववीचा तास होता. फळ्यावर मी काय लिहिले ते आठवत नाही. एवढेच आठवते की माझ्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले होते आणि ते दोन भागांचे होते. माझ्या सहकाऱ्यांना परतावा येत होता, कारण त्यांच्या धडधाकट मुलांना कागदावर अपंग केले होते. मला भरावे लागत होते, कारण माझी मुलगी कागदावर धडधाकट होती.

घरी गेल्यावर मी बायकोला सगळे सांगितले. ती तूर निवडत बसली होती. लेक तिच्यासमोर बसून निवडलेले दाणे पुन्हा न निवडलेल्यांत टाकत होती, आणि आई न रागावता ते पुन्हा वेगळे करत होती. मी बोलत असताना तिने मान वर केली नाही. सगळे सांगून झाल्यावर तिने विचारले, “मंग झालं का काही त्या लेकरांना?”

“कशाचं?”

“लिहिलं म्हणून. झालं का काही?”

“त्यांना काय होणार? मुलं ठणठणीत आहेत. आई-बापांना पैसे परत भरावे लागतील.”

ती बराच वेळ दाणे निवडत राहिली. मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, “लोकांनी चांगल्या लेकरांना लिहून पैसे घेतले. त्यांचा हात न्हाई थरथरला. अन् मी इतकी वर्षं...” दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ती आपण होऊन म्हणाली, “कधी जायचं जालन्याला?”

मी सेतू केंद्रावर जाऊन अर्ज भरला. तारीख मिळाली. अर्ज भरताना कराचा विचार माझ्या मनात नव्हता, असे म्हणणे खोटे होईल. पण निवृत्तीला थोडीच वर्षे राहिली आहेत, आणि आमच्या मागे तिच्या नावावर दरमहा काही येत राहील की नाही, हे त्या एका दिवसावर ठरणार होते. हे मी बायकोलाही नीट समजावून सांगितले. चाळीस म्हणजे काय, त्याखाली काय, त्यावर काय. तिने विद्यार्थिनीसारखे ऐकून घेतले आणि म्हणाली, “कळलं.”

सकाळच्या गाडीने आम्ही निघालो. लेकीला खिडकी हवी असते. राजूर येईपर्यंत ती प्रत्येक ट्रॅक्टर मोठ्याने मोजत होती; तिच्या मोजण्यात पाचनंतर पुन्हा दोन येतो. बायकोने तिला नवा पंजाबी ड्रेस घातला होता, वेणीला रिबीन लावली होती, आणि हातरुमाल ड्रेसला पिनेने टोचून दिला होता. शाळेच्या पहिल्या दिवशी मुलांना पाठवतात तसे. तपासणीला जाताना मुलीला इतके सजवू नये, असे मला वाटले. पण ते कोणत्या शब्दांत सांगावे, हे मला सुचले नाही.

सरकारी रुग्णालयात व्हरांड्यात बाक होते आणि बाकांवर आमच्यासारखीच माणसे होती. शहागडकडचे एक धनगर कुटुंब आमच्या शेजारी बसले होते. आजोबांच्या मांडीवर एक मुलगा होता, त्याची मान सावरलेली नव्हती. आजोबांनी माझ्या लेकीकडे पाहिले आणि बायकोला विचारले, “बाई, तुमी कोणाला घेऊन आल्या?” बायकोच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आले त्याला आनंदच म्हणावे लागेल. तिने लेकीची रिबीन सारखी केली.

आमचा नंबर आला. तपासणाऱ्या मॅडम तरुण होत्या, घाईत नव्हत्या, आणि त्यांचा आवाज शांत होता. त्यांनी आधी लेकीशी गप्पा मारल्या, चित्रे दाखवली, ठोकळे जुळवायला दिले. ठोकळे तिला जमले नाहीत. मग त्यांनी विचारले, “आज वार कोणता?”

“बुधवार,” लेक म्हणाली. बरोबर होते.

याचे स्पष्टीकरण दिले पाहिजे. मी शिक्षक आहे, आणि शिक्षकाला ज्या गोष्टीचे दुसरे काही करता येत नाही तिचे तो पाठांतर करून घेतो. ती लहान असल्यापासून मी रोज सकाळी तिला काही ठरलेले प्रश्न विचारत आलो होतो. आजचा वार, गावाचे नाव, तालुका, जिल्हा, वडील काय करतात, आठवड्याचे दिवस, दहातून तीन गेले तर किती. वार मी आधी सांगे आणि मग विचारी. चारचौघांत कुणी काही विचारले तर तिची फजिती होऊ नये, एवढाच हेतू होता. त्या दिवशी सकाळीही मी सवयीने वार सांगितला होता.

“छान. दहातून तीन गेले तर किती राहतात?”

“सात!” तिने उत्तर दिले आणि माझ्याकडे पाहिले. माझी मान आपोआप हलली. तीस वर्षे बरोबर उत्तराला मी तशी मान हलवत आलो आहे. तिला नऊतून चार विचारले असते तरी ती सातच म्हणाली असती. पण त्या वेळी मॅडमनी पुढचे पान उलटले होते.

मग त्या तिच्या आईकडे वळल्या. “काकू, आता मी तुम्हाला विचारणार. ती रोज काय काय करते, ते खरं खरं सांगायचं. इथं चांगलं सांगायला कुणी येत नाही.”

“खरंच सांगते की.”

“आंघोळ स्वतः करते?”

“हो. स्वतःच करते.” पाणी बायको काढून देते, कपडे हातात देते आणि दाराबाहेर उभी राहून एकेक सूचना करते.

“पाळीच्या वेळी स्वतःचं पाहते?”

“पाहते.” हे उत्तर तिने माझ्याकडे न पाहता दिले.

“स्वयंपाक?”

“भाकरी थापते. छान थापते.”

“दुकानात एकटी जाते? पैसे देऊन सामान आणते?”

“आणते ना. परवा कोथिंबीर आणायला न्हाई का गेल्ती.”

तेव्हा मी बोललो. “मॅडम, दुकान समोरच आहे. दुकानदाराला आम्ही आधी फोन केला होता. हिची आई दारात उभी होती. पैशांची तिला ओळख नाही.”

लेक माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला ते समजावून द्यायचे होते, मला माहीत नसावे असे समजून. “पप्पा, मी आणली कोथिंबीर,” ती म्हणाली. “मीच आणली. आईला विचारा.”

“हो माझी माय, तूच आणलीस,” बायको म्हणाली, आणि मॅडमना म्हणाली, “यांना घरातलं काय ठाऊक? हे दिवसभर शाळेत.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिले. मी पुढे काही बोलावे अशी वाट त्यांनी पाहिली, असे मला वाटते. माझ्याजवळ आणखी पुष्कळ उदाहरणे होती. ती बसस्थानकावर एकदा हरवली होती. गॅस तिला पेटवू देता येत नाही. कुणीही गोड बोलून हात धरला तर ती निघून जाईल. ही वाक्ये मी मनात क्रमाने लावून नेली होती. पण ती लेकीसमोर उच्चारायची होती, आणि लेक माझ्याकडे अजून पाहत होती. मी म्हणालो, “कोथिंबीर तिनेच आणली होती.”

दुपारनंतर आम्हाला पुन्हा आत बोलावले. मॅडमनी शांतपणे समजावले. सीमारेषेवर आहे, आजच्या तपासणीत आणि तुम्ही दिलेल्या माहितीत पंचवीस टक्के बसतात, प्रमाणपत्र निघेल, पण ते चाळीसच्या खाली असेल. मान्य नसेल तर फेरतपासणीसाठी अर्ज करता येतो. तसा तुम्ही करावा, असेही त्या म्हणाल्या आणि पुढच्या वेळी घरातल्या सगळ्यांनी आधी एकत्र बसून बोलून यावे, असेही. त्यांचे काम त्यांनी बरोबर केले होते. जे त्यांच्यासमोर मांडले गेले, त्याचे उत्तर तेवढेच होते.

बायकोने सगळ्यातले एवढेच ऐकले: “म्हणजे ती तसली न्हाई ना, मॅडम?”

बाहेर आल्यावर ती म्हणाली, “इतकं आलोच आहोत तर जुन्या जालन्यात जाऊन येऊ.” आम्ही रिक्षाने तिकडे गेलो. अरुंद गल्लीत रिक्षा अडकली तर ती उतरून पायी चालू लागली, लेकीचा हात धरून, भरभर. एका कापडाच्या दुकानात तिने दुकानदाराला ड्रेसची तीन कापडे काढून लेकीपुढे ठेवायला लावली आणि म्हणाली, “तुला कोणतं पाहिजे ते सांग.” लेकीने तिन्हींवर हात ठेवला. दुकानदार हसला. बायको म्हणाली, “द्या तिन्ही.” तिने मला किंमत विचारू दिली नाही. परतीच्या गाडीत तिने बहिणीला फोन लावला. “न्हाई निघालं काही. मी म्हणतच होते. हो, सगळं बराबर सांगितलं तिनं. पास झाली!” तिचा आवाज इतका मोकळा मी पुष्कळ वर्षांत ऐकला नव्हता. मी खिडकीबाहेर पाहत होतो. लेक माझ्या खांद्यावर डोके ठेवून झोपली होती.

त्या फेब्रुवारीत मी बचतीच्या तपशिलात नेहमीचेच लिहिले. शाळेत तोवर बरेच काही बदलले होते. रिफंडवाल्यांचा फोन लागला नाही तो नाहीच. सहकाऱ्यांनी नव्याने विवरणपत्रे भरली, घेतलेला परतावा व्याज आणि वरच्या जादा रकमेसकट फेडला. मराठीच्या मॅडमनी त्यासाठी पतसंस्थेतून कर्ज काढले. लिपिक आईसमोर जाऊन बसतो आणि काही बोलत नाही, असे त्याच्या बायकोने माझ्या बायकोला सांगितले. खोलीत परताव्याचा विषय आता निघत नाही.

खेळाच्या सरांना माझ्या लेकीविषयी कळले होते. कसे ते मी विचारले नाही. एक दिवस डबा खाताना ते म्हणाले, “सर, आमचं खोटं होतं तरी पास झालं. तुमचं खरं असून बसलं न्हाई. हे कसं काय?”

“तुमच्या मुलाला कुणी प्रश्न विचारले नाहीत,” मी म्हटले. “तिला विचारले.”

त्यांनी त्या दिवशी चटणी घेतली नाही.

फेरतपासणीचा विषय मी घरी काढला. रागावून नाही, फळ्यावर मांडावे तसा काढला. ठेव किती, तिचे व्याज किती, महागाई किती, आपल्या दोघांची वये किती, आणि त्यानंतर तिची किती वर्षे. बायकोने शेवटपर्यंत ऐकले. मग ती म्हणाली, “तुम्ही मास्तर आहात. पास झालेल्या लेकराला परत परीक्षेला बसवता का कधी, नापास व्हावं म्हणून?”

मी म्हणालो, “मग आपल्यामागे?”

ती उठून आत गेली. थोड्या वेळाने आतून तिचा आवाज आला. लेकीला ती पैसे ओळखायला शिकवत होती. “हे दहाचं. हे वीसचं. सांग, हे कितीचं?” उत्तर ऐकू आले नाही. तिने पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. ती आता रोज दुपारी शिकवते. अजून जमलेले नाही. फेरतपासणीचा अर्ज मी एकट्याने भरू शकतो, पण तिथे आईचीच उत्तरे लिहून घेतील, आणि ती काय सांगेल हे मला ठाऊक आहे. यंदाच्या जुलैतही ठेवीच्या व्याजावरचा उरलेला कर मी भरला आहे. वाढलेले व्याज धरून तो मागच्या वर्षीपेक्षा थोडा जास्त होता.

वाचकांना माझी विनंती आहे. आपले विवरणपत्र दुसऱ्या कुणी भरले असेल तर ते स्वतः उघडावे आणि आपल्या नावाने, आपल्या मुलांच्या आणि आई-वडिलांच्या नावाने त्यात काय मागितले आहे ते ओळीने वाचावे. आणि घरात आमच्या लेकीसारखे कुणी असेल, तर प्रमाणपत्र, टक्केवारी आणि निवृत्तिवेतनाचे नियम आपल्या जवळच्या कार्यालयात जाऊन विचारावेत. नियम बदलत असतात, आणि माझ्या समजुतीत चूक असू शकते. मी लिहिले आहे म्हणून ते बरोबर धरू नये. प्रत्येकाने स्वतः तपासून पाहावे.